देवाचे मासे आणि माणसांची नदी

(नवघर, भाईंदर (पूर्व) येथील व्याख्यानमालेत केलेल्या भाषणाचा मजकूर)



आजचा विषय फलकावर वाचून आपल्यापैकी काहींच्या कपाळावर आठी उमटली असेल. एका बाजूला खाडी, दुसऱ्या बाजूला समुद्र आणि मध्ये मिठागरे अशा गावात येऊन मासळीवर बोलायचे, म्हणजे उत्तनच्या कोळ्याला जाळे विणायला शिकवण्यासारखेच आहे. पण मी समुद्राच्या मासळीवर बोलणार नाही. मी बोलणार आहे तो मासा आपल्या बाजारात येत नाही, आपल्यापैकी बहुतेकांनी तो पाहिलेलाही नाही. तरीही ज्या पाण्यात तो राहतो, त्याच खोऱ्यांतले पाणी आज सकाळी आपल्या घरातील नळाला आले होते.

पाश्चात्त्य देशांत नदी वाचवायची गोष्ट निघाली की सॅमन आणि ट्राऊट ही दोन नावे हमखास निघतात. (मुंबईच्या उपाहारगृहांत रावसाला 'इंडियन सॅमन' म्हणतात, त्यावर जाऊ नका. रावसाचे आणि सॅमनचे दूरचेही नाते नाही.) सॅमन हा गोड्या पाण्यात जन्मतो, समुद्रात वाढतो आणि अंडी घालायला पुन्हा आपल्या जन्मनदीत परततो. ट्राऊट त्याचा भाऊबंद. थंड, स्वच्छ, खळाळत्या ओढ्यांचा रहिवासी. काश्मिरात तो इंग्रजांनी १९०० साली स्कॉटलंडहून आणला, निलगिरीतही आणला, कारण साहेबाला सुटीच्या दिवशी गळ टाकायला घरचा मासा हवा होता. वास्तविक गळ टाकण्याजोगा राजबिंडा मासा या देशात पूर्वीपासूनच होता. त्याचे नाव महाशीर.

आमच्या सह्याद्रीतल्या महाशीराला मावळात खडशी म्हणतात. अंगावर हाताच्या पंज्याएवढे म्हणावे असे मोठे खवले, निळसर झाक असलेले पर, आणि प्रवाहाविरुद्ध पोहण्याची विलक्षण ताकद. कर्नल साईक्स नावाचा इंग्रज अधिकारी एकोणिसाव्या शतकाच्या पूर्वार्धात दख्खनची पाहणी करत हिंडत होता. पुण्याच्या पूर्वेस चार कोसांवर मुळा-मुठेच्या पात्रात त्याला हा मासा मिळाला. १८३९ साली त्याने त्याचे शास्त्रीय वर्णन छापले आणि कोळ्यांच्या तोंडचेच नाव त्याला दिले : खुद्री. म्हणजे जगभरच्या ग्रंथांत या माशाचे जे नाव आहे ते मराठी आहे आणि त्याचा मूळ पत्ता पुण्याचा आहे. आज त्या पत्त्यावर जाऊन पाहावे. मुळा-मुठेच्या त्या पात्रात महाशीर तर सोडाच, नाकाला रुमाल न लावता काठावर उभे राहणेही कठीण.

माशाविषयीचे ज्ञान आपल्याकडे साईक्सने आणले, असे मात्र समजू नये. कल्याणीचा चालुक्य राजा तिसरा सोमेश्वर याने बाराव्या शतकात 'मानसोल्लास' हा ग्रंथ रचला. त्यात 'मत्स्यविनोद' नावाचे प्रकरण आहे. गळ कसा असावा, दोरी कशी वळावी, कोणत्या माशाला कोणते आमिष द्यावे, कोणता मासा नदीचा आणि कोणता समुद्राचा, हे सारे त्यात तपशिलाने येते. सुंदरलाल होरा या थोर मत्स्यशास्त्रज्ञाने विसाव्या शतकाच्या मध्यास त्या प्रकरणाचा आधुनिक शास्त्राच्या कसोटीवर अभ्यास केला, तेव्हा पुष्कळ वर्णने त्याला आजच्या जातींशी जुळवता आली. राजाला मासे धरायची हौस होती हे खरे, परंतु ज्याला धरायचे त्याला आधी नीट पाहिले पाहिजे, एवढी शिस्त त्या हौसेत होती.

आता हा मासा जगतो कसा, ते थोडे विस्ताराने सांगतो. कारण पुढचे सगळे त्यावर अवलंबून आहे. उन्हाळ्यात नदी आटते तेव्हा महाशीर खोल डोहात राहतो. पावसाळ्यात पाणी चढले की तो डोह सोडून वरच्या अंगाला निघतो. उथळ, वेगवान, गोट्यांनी भरलेले पात्र त्याला हवे असते. तिथे मादी अंडी घालते. रोहू-कटल्यासारखी तिची अंडी लाखोंच्या राशीने नसतात. ती संख्येने कमी, आकाराने मोठी आणि वजनाने जड असतात. ती बुडून गोट्यांच्या फटींत बसतात. तीन-चार दिवसांत पिल्ले बाहेर पडतात, पण लगेच पोहत नाहीत. आणखी काही दिवस त्याच फटींत अंग चोरून पडून राहतात. या काळात त्यांना हवे असते ते फक्त स्वच्छ, प्राणवायूने भरलेले, वाहते पाणी. गोट्यांवर गाळ बसला की अंडी गुदमरली. गोटेच उचलून नेले की पाळणाच गेला. सॅमन आणि ट्राऊटही असेच गोट्यांत अंडी घालतात. म्हणून तिकडची नदी सुधारण्याची विद्या आणि इकडची गरज यांत मला अंतर वाटत नाही.

आपल्या पूर्वजांना हे शास्त्र या शब्दांत ठाऊक नसेल. पण त्यांनी एक गोष्ट केली. त्यांनी डोह देवाला वाहिले. वाडा तालुक्यात वैतरणेच्या काठी तिळसे येथे तिळसेश्वराचे मंदिर आहे. तिथल्या डोहातले महाशीर देवाचे मासे. त्यांना कोणी गळ लावत नाही. महाडजवळ काळ नदीवर वाळणकोंड आहे. तिथे वरदायिनी देवीचा डोह आहे आणि त्यातले मासे देवीचे. देहू-आळंदीला इंद्रायणीच्या डोहांतील मासेही असेच अभय मिळालेले मानत. कर्नाटकात शृंगेरीला तुंगेच्या काठी हीच परंपरा दिसते. सरकारचा एक पहारेकरी नाही, दंडाची पाटी नाही, कुंपण नाही. तरी शतकानुशतके मासा सुरक्षित राहिला. नदीत सुरुंग उडवून किंवा विष कालवून मासे मारणे हा गुन्हा आहे, असे सांगणारा भारतीय मत्स्यपालन कायदा १८९७ सालचा आहे. सव्वाशे वर्षे होऊन गेली, तरी सह्याद्रीच्या ओढ्यांत ब्लिचिंग पावडर ओतून मासे मारणे थांबले नाही. जिथे कायदा थकला तिथे श्रद्धा उभी राहिली, हे मान्य करायला पुरोगामी म्हणवणाऱ्यांनाही अडचण नसावी.

इथवर ऐकून आपल्याला बरे वाटले असेल. मलाही अनेक वर्षे एवढेच सांगून टाळ्या घ्यायची सवय होती. तिळशाला एकदा उन्हाळ्यात गेलो, तेव्हा ती सवय मोडली.

दुपारची वेळ होती. देवळात एक वृद्ध गृहस्थ बसले होते. त्यांनी मूठभर चणे पाण्यावर टाकले आणि डोहाचा तळ हलल्यासारखा झाला. काळसर पाठी वर आल्या, कुठे खवले चमकले. मी हरखून गेलो. शेजारी एक कुटुंब पावाची अख्खी पिशवी पाण्यात रिकामी करत होते. पिशवीही मागोमाग गेली. मी आजोबांना विचारले, "हे मासे कमी झाले की वाढले?" ते म्हणाले, "मोठे आहेत ते आहेत. बारके दिसत नाहीत पूर्वीसारखे." परतताना रस्त्यावरून नदीचे पात्र दिसत होते. ट्रॅक्टर पात्रात उतरले होते आणि चार-पाच माणसे फावड्याने गोटे-वाळू भरत होती. ते पात्र देवळापासून लांब होते. तिथे कोणाचा देव नव्हता.

आजोबांच्या त्या वाक्याचा अर्थ मला त्या ट्रॅक्टरपाशी कळला. आपण डोह राखला, म्हणजे माशाचे म्हातारपण राखले. त्याचा जन्म होतो ती जागा आपण राखली नाही. देवळाच्या शेवटच्या पायरीपाशी आपली भक्ती थांबते आणि त्यापुढे नदी ठेकेदाराची होते.

मत्स्यावताराची कथा आपण सगळ्यांनी लहानपणी ऐकली आहे. शतपथ ब्राह्मणात तिचे जुने रूप सापडते. मनूच्या ओंजळीत एक लहानसा मासा येतो आणि म्हणतो, मला सांभाळ. मनू त्याला घटात ठेवतो. तो घटात मावेना, म्हणून खड्ड्यात ठेवतो. तिथेही मावेना, तेव्हा समुद्रात नेऊन सोडतो. त्या कथेतला प्रलय आणि नाव सर्वांच्या लक्षात राहते. मला मात्र मधला भाग महत्त्वाचा वाटू लागला आहे. माशाला वाचवायचे तर तो वाढेल तसतशी त्याला जागा द्यावी लागते, हे मनूला समजले होते. आपण त्याला घटातच ठेवून रोज हार घालतो आहोत.

जागा कशी आक्रसली ते पाहा. वैतरणेवर मोडकसागर १९५७ साली झाले, अप्पर वैतरणा १९७३ साली, मध्य वैतरणा २०१४ साली. ही धरणे मुंबईची तहान भागवतात. ती नकोत असे म्हणण्याइतका मी अविचारी नाही. मीही तेच पाणी पीत मोठा झालो. घाटमाथ्यावर टाटांची वीजकेंद्रे त्याहून जुनी : खोपोली १९१५, भिवपुरी १९२२, भिरा १९२७. इंद्रायणीला मिळणारी आंध्रा नदी ठोकरवाडीला अडवली, तिचे पाणी घाट उतरवून भिवपुरीला चक्रे फिरवते आणि उल्हास नदीत पडते. त्या उल्हासातून शहाडला पाणी उचलले जाते आणि मीरा-भाईंदरला येते. वैतरणेच्याच खोऱ्यातल्या सूर्या नदीचे पाणीही आपल्या शहरासाठी २१८ दशलक्ष लिटरच्या योजनेत धरले आहे. म्हणजे नवघरच्या नळाला एक बाजू देहूच्या इंद्रायणीची आहे आणि दुसरी तिळशाच्या वैतरणेची. मघाशी म्हणालो ते शोभेसाठी म्हणालो नव्हतो.

धरण बांधताना माशाला वर जायला वाट ठेवायची असते, हा विचारच तेव्हा कोणी केला नाही. आजही क्वचित होतो. फरक्का बंधारा १९७५ साली सुरू झाला आणि समुद्रातून गंगेत प्रयागपर्यंत जाणारा हिलसा त्याच्या खालीच अडकला. महाशीर समुद्रात जात नाही, पण त्याची वारीही वरच्या दिशेचीच आहे.

मग यावर उपाय म्हणून मत्स्यबीज केंद्रे आली. येथे एका मराठी माणसाचे नाव आदराने घेतले पाहिजे. राज्याचे मत्स्यसंचालक राहिलेले डॉ. सी. व्ही. कुलकर्णी यांनी लोणावळ्याला टाटांच्या वळवण येथील केंद्रात १९७० च्या सुमारास महाशीराची अंडी कृत्रिम रीतीने फलित करून पिल्ले वाढवण्यात यश मिळवले. नंतर श्री. ओगले यांच्यासारख्या सहकाऱ्यांनी ते काम पुढे नेले. लाखो बोटुकली तिथून देशभर गेली. सह्याद्रीचा हा मासा जागतिक तांबड्या सूचीत एके काळी संकटग्रस्त म्हणून नोंदला होता; अलीकडच्या मूल्यांकनात तो त्या वर्गातून बाहेर आला आहे. एका खासगी वीज कंपनीने अर्धे शतक एखादा मासा जपावा, हे कौतुकास्पदच आहे.

परंतु याच यशाची दुसरी बाजू कावेरीत दिसली. कावेरीत तिचा स्वतःचा महाशीर होता. पाठीवर उंचवटा असलेला, जगातल्या सर्वांत मोठ्या महाशीरांपैकी एक. १९४६ साली म्हैसूरच्या व्हॅन इंगेन यांनी काबिनी नदीत १२० पौंडांचा मासा पकडला, तो या जातीचा. १९७० च्या दशकापासून लोणावळ्याची बोटुकली कावेरीत सोडली गेली. हेतू उत्तम होता. नदीतले मासे वाढावेत एवढाच. सह्याद्रीचा निळ्या परांचा मासा तिथे इतका फोफावला की मूळचा मासा मागे पडत गेला. एड्रियन पिंडर, राजीव राघवन आदी संशोधकांनी गळकऱ्यांच्या नोंदी तपासून हे मांडले. २०१८ साली त्या कावेरीच्या माशाला शास्त्रीय नाव निश्चित झाले आणि त्याच वर्षी तो अतिसंकटग्रस्त ठरला. बारसे आणि घरघर एकाच वेळी.

यात एक कबुली मला द्यायची आहे. उमेदीच्या काळात मी एका जलाशयावर झालेल्या मत्स्यबीज सोडण्याच्या समारंभाची बातमी केली होती. मान्यवर, मंडप, पिशव्यांतून पाण्यात सोडलेली पिल्ले, टाळ्या. मी रसभरीत लिहिले, छायाचित्र पहिल्या पानावर आले. सोडले ते कोणते मासे, ते या नदीचे आहेत का, हे विचारायचे मला सुचले नाही. काही वर्षांनी तिथल्या एका आदिवासी मासेमाराने मला सांगितले, "साहेब, तुमच्या माशांनी आमचे खाल्ले." त्याने 'तुमच्या' म्हटले, हे मला अजून बोचते. तिलापिया, आफ्रिकन मांगूर यांनी आपल्या तळ्यांचे आणि ओढ्यांचे काय केले ते मी नंतर वाचले. बातमी मात्र छापून झाली होती.

लंडनच्या थेम्स नदीची हकिकत याला जोडून सांगतो. १८३३ च्या सुमारास त्या नदीतला शेवटचा सॅमन पकडला गेला. पुढे नदी गटार झाली. शहराने सांडपाणी शुद्ध करायला घेतले आणि १९७४ साली एक सॅमन पुन्हा आला. मग उत्साहाने वर्षानुवर्षे पिल्ले सोडली. १९९३ साली तीनशेहून अधिक मासे परतले, नंतर संख्या घसरली. २०११ साली प्रसिद्ध झालेल्या जनुकीय अभ्यासात आढळले की, थेम्समध्ये अलीकडे दिसलेले मासे सोडलेल्या पिल्लांचे वंशज नव्हतेच. ते इतर नद्यांतून वाट चुकून आले होते. मासा सोडल्याने येत नाही. नदी राहण्यासारखी झाली की तो आपल्या पायाने, म्हणजे परांनी, येतो.

अमेरिकेत क्लामथ नदीवर चार धरणे होती. युरोक, कारुक, क्लामथ या तिथल्या मूळ रहिवाशांना सॅमन हा निव्वळ अन्नाचा विषय नाही. त्यांच्या सणांचा, उपासनेचा तो भाग आहे. २००२ साली खालच्या पात्रात हजारो सॅमन मरून पडले, त्यानंतर त्यांनी लढा तीव्र केला. वीस वर्षे लागली. २०२४ साली चौथे धरण काढून झाले आणि त्याच वर्षीच्या ऑक्टोबरमध्ये सॅमन धरणांच्या जागा ओलांडून वर पोहोचले. शंभरहून अधिक वर्षे ज्या पाण्यात त्यांची एकही पिढी गेली नव्हती, तिथे ते गेले. आणखी एक गंमत : याच देशाने एके काळी ओढे 'स्वच्छ' करायचे म्हणून त्यांत पडलेले ओंडके काढून टाकले होते. पुढे कळले की त्या ओंडक्यांमागे डोह तयार होतात, गोटे अडतात, पिल्लांना आडोसा मिळतो. मग यंत्रे लावून तेच ओंडके परत ठेवले! आपण नदी 'सुशोभित' करायला निघतो, दोन्ही काठ सिमेंटने बांधतो, तेव्हा मला ते ओंडके आठवतात.

वैतरणेवरची धरणे काढा असे मी म्हणणार नाही. हे सभागृहही म्हणणार नाही, कारण उद्या सकाळी पाणी हवे आहे. पण धरणातून पावसाळ्यात, अंडी घालायच्या दिवसांत, नदीपुरते पाणी सोडता येते. डोहाच्या वरचे गोट्यांचे पात्र उत्खननातून वगळता येते. त्यासाठी ग्रामसभेचा ठराव आणि जिल्हा प्रशासनाची सही पुरते. कोट्यवधींची योजना लागत नाही. देवस्थानाने ठरवले तर देवाच्या डोहाची हद्द चार किलोमीटर वर नेता येते. देवराई राखणाऱ्या समाजाला हे अवघड नाही. देवराई केवळ एका झाडापुरती कधीच नव्हती.

आणि आपले काय? भाईंदरहून नायगावला जाणारी गाडी खाडीपुलावर आली की डब्याच्या दारात हात जोडलेली माणसे दिसतात. लगेच निर्माल्याची प्लॅस्टिकची पिशवी भिरकावली जाते, कधी नारळ. त्या नारळांनी पाणजूच्या माणसांना इजा झाल्याच्या बातम्या आपण वाचल्या आहेत. मी स्वतः पूर्वी या पुलावरून पिशवी टाकली आहे. घरून आईने दिली होती, टाकली. ज्या उल्हासाने वरून पाणी दिले, तीच इथे खाडी होऊन समुद्राला मिळते आणि शेवटच्या टप्प्यात आपण तिच्या तोंडावर पिशवी मारतो. वर तिळशाला पाव टाकणारे कुटुंब आणि खाली हा डबा, दोघांचाही भाव चांगलाच असतो. म्हणूनच त्यांच्याशी बोलता येईल असे मला वाटते. ठेकेदाराशी बोलणे त्यापेक्षा कठीण आहे.

संयोजकांनी सभेआधी सुचवले की पुढच्या महिन्यात येथून काही मंडळींना तिळशाला नेता येईल. अवश्य नेऊ. वाड्याहून फार लांब नाही. दर्शन घेऊ, चणे टाकू, पाव नको. आणि मग देवळातून गाडीकडे न जाता नदीकाठाने वर चालत जाऊ. जिथवर ट्रॅक्टरची चाकोरी लागते तिथवर. आजोबा असतील तर त्यांना बरोबर घेऊ. पूर्वी श्रावणात मासे कुठल्या खडकापर्यंत चढत, हे त्यांना ठाऊक आहे. त्यांनी मला हाताने दाखवले होते, पण त्या दिवशी मला परतायची घाई होती आणि मी तिथे गेलो नाही.